गोड साखर आणि बेचव साखर

वाण्याच्या दुकानांत आज गूळ, साखर आणि खडीसाखर यांच्या शेजारीं कांहीं नवीं नांवें येऊन बसलीं आहेत. इन्युलिन, पेक्टिन, गवारीचा गोंद, माल्टोडेक्स्ट्रिन, घायपाताच्या जातीच्या झाडाचा पाक – हीं सर्व द्रव्यें वनस्पतींपासून निघतात, आणि पुष्कळ वेळां तेवढ्याच आधारावर तीं आरोग्यदायक म्हणून विकलीं जातात. ज्या घरांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मधुमेह जडला आहे, त्या घरांत या शब्दांचा अर्थ ही नुसती कुतूहलाची बाब राहत नाहीं. म्हणून आज या द्रव्यांचा पूर्वेतिहास सांगण्याचें योजिलें आहे. इतिहास अशासाठीं कीं, जी वस्तु आज अपथ्य ठरली आहे ती शेंकडों वर्षें औषध म्हणून मानली जात होती. आणि जिला आज औषधी म्हणून मान मिळतो, ती अगदीं अलीकडेपर्यंत निःसत्त्व चोथा समजली जात होती. हा पालट कसा घडला हें कळलें म्हणजे डब्यावरील शब्दांना भुलण्याचें कारण उरत नाहीं.

प्रथम गोड शाखेकडे पाहूं. ऊंस हें मूळचें न्यू गिनी बेटाकडील गवत. परंतु त्याचा रस आटवून त्याचे कोरडे, टिकाऊ खडे करण्याची कला भारतांत वाढली. आयुर्वेदाच्या संहितांत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उंसाच्या पदार्थांची चढती परंपराच दिली आहे. काकवीसारख्या पातळ फाणितापासून निघावें आणि उत्तरोत्तर निर्मळ होत शुभ्र शर्करेपर्यंत पोंचावें, असा हा क्रम आहे. 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ वाळू किंवा बारीक खडे. हाच शब्द फारशींत 'शकर', अरबींत 'सुक्कर', ग्रीकांत 'साक्खारोन' आणि इंग्रजींत 'शुगर' झाला; आणि 'खंड' या शब्दानें फिरत फिरत 'कँडी' हें रूप घेतलें. इ. स. ६४७ मध्यें चीनच्या तांग वंशांतील ताइत्सुंग बादशहानें साखर करण्याची विद्या शिकून घेण्यासाठीं मगधांत माणसें पाठविल्याची नोंद चिनी इतिहासांत आहे.

पाश्चात्य जगाला या वस्तूचा परिचय झाला तो औषध म्हणून. अलेक्झांडराचा नौसेनापति निआर्कस यानें, मधमाशांवांचून मध देणारें एक बोरू भारतांत असल्याचें लिहिल्याचा दाखला ग्रीक ग्रंथकार देतात. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायस्कोरिडीज नांवाच्या ग्रीक वैद्यानें औषधिद्रव्यांच्या ग्रंथांत साखरेला स्थान दिलें: ती मिठासारखी दांतांखालीं फुटते आणि पाण्यांत विरघळवून घेतल्यास पोटाला मानवते, असें त्यानें नमूद केलें. त्याच शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या मतें तर साखरेचा उपयोग केवळ औषधापुरताच होता. अरबांच्या द्वारें ती युरोपांत शिरली तेव्हांही तिचें घर औषधविक्रेत्याचें दुकानच होतें. ज्याच्याजवळ अत्यंत आवश्यक वस्तूच नाहीं त्याला फ्रेंच लोक 'साखरेवांचूनचा औषधविक्या' म्हणत. तेराव्या शतकांत तर उपवासाच्या दिवशीं साखर लावलेले मसाले चघळल्यानें उपवास मोडतो काय, असा प्रश्न ख्रिस्ती धर्मपंडितांपुढें आला. थॉमस अक्वायनस या थोर पंडितानें निर्णय दिला कीं, तो मोडत नाहीं. कारण हे पदार्थ पोषणासाठीं नव्हे, तर पचनासाठीं घेतले जातात.

औषधाची वस्तु अन्न झाली ती तिचें प्रमाण वाढल्यामुळें. आणि तें प्रमाण वाढलें तें माणसांच्या अमानुष पिळवणुकीनें. पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून अटलांटिक महासागरांतील बेटांवर आणि पुढें ब्राझील व वेस्ट इंडीजमध्यें उंसाचे मळे पसरले, आणि त्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून लक्षावधि माणसें गुलाम करून नेण्यांत आलीं. १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि आपल्या देशाकडे वळली. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजुरांच्या तुकड्या जाऊं लागल्या, आणि त्यांत मुंबई इलाख्यांतील मराठी बोलणारी कुटुंबेंही होतीं. मॉरिशसमधील मराठी समाज आजही नांदतो आहे. त्याच्या पूर्वजांना समुद्रापार नेलें तें या उंसानेंच. जी वस्तु पूर्वीं चिमटीनें मोजली जात होती, ती एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील मजुराच्या चहांतही चमच्यानें पडूं लागली, ती अशी.

या वाढत्या गोडीविषयीं शंका घेणारे वैद्यही होते. इंग्लंडांत १६७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत टॉमस विलिस या वैद्यानें मधुमेह्यांचें मूत्र गोड असतें असें नमूद केलें. साखरेच्या अतिसेवनालाही त्याचा विरोध होता. त्याला उत्तर म्हणून १७१५ सालीं फ्रेडरिक स्लेअर या वैद्यानें साखरेची कैवारी पुस्तिका लिहिली, आणि तींत साखरेचें दंतमंजनसुद्धां सुचविलें! मात्र ज्या स्त्रियांना स्थूलतेची भीति आहे त्यांनीं जपावें, अशी पुस्तीही त्यानेंच जोडली. १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन यानें मधुमेह्याचें मूत्र आटवून खालीं साखर उरते हें दाखविलें, तेव्हां हा वाद जिभेवरून काढून परीक्षेच्या पात्रांत ठेवला गेला.

आपल्याकडे हें ज्ञान पुष्कळ आधींचें होतें. मधुमेहाचें नांवच त्याची साक्ष देतें. चरकानें प्रमेहाचीं कारणें सांगतांना सुखानें बसून राहणें, अतिनिद्रा, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. म्हणजे ज्या परंपरेनें शर्करेला औषधांत स्थान दिलें, तिनेंच तिच्या अतिरेकाचा दोषही ओळखला होता. याच चरकसंहितेंत प्रमेही माणसाचें मुख्य अन्न म्हणून जव सांगितले आहेत. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे.

आतां रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत जाऊं. १७४७ सालीं बर्लिन येथें आंद्रेआस मार्गग्राफ यानें बीटच्या मुळांतून साखरेचे स्फटिक काढले आणि ते उंसाच्या साखरेहून निराळे नाहींत असें दाखविलें. त्याचा शिष्य आखार्ट यानें सायलेशियांत बीटच्या साखरेचा कारखाना काढला. पुढें नेपोलियनच्या युद्धांत समुद्रमार्ग अडले तेव्हां फ्रान्सनें याच उद्योगाचा आश्रय केला. या शोधानें पहिला धडा शिकविला: झाड कोणतें आहे यावरून साखरेचा गुण ठरत नाहीं. उष्ण प्रदेशांतील उंचच उंच गवत असो कीं थंड देशांतील जमिनींतलें मूळ असो, स्फटिक तोच.

दुसरा धडा याहून विलक्षण होता. १८११ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें किर्खहोफ यानें पिष्ट, म्हणजे स्टार्च, गंधकाच्या पातळ आम्लांत उकळलें आणि त्या बेचव पिठाचा गोड पाक झाला. १८१९ मध्यें फ्रान्समधील नान्सी येथें आंरी ब्राकोनो यानें त्याहीपुढें जाऊन तागाच्या कापडाच्या चिंध्या घेतल्या, तीव्र आम्लानें त्या विरघळविल्या, आणि त्यांतूनही साखर काढली. पिठांत साखर आहे हें एक वेळ पटेल, पण चिंधींत? तरीही तें खरें होतें. याच काळांत वनस्पतींतील आणखीही बेचव द्रव्यें हातीं लागलीं. १८०४ मध्यें व्हालेंटीन रोजे या जर्मन औषधशास्त्रज्ञास एका झाडाच्या मुळांत स्टार्चसारखें पण स्टार्चहून भिन्न द्रव्य आढळलें. त्यालाच पुढें इन्युलिन हें नांव पडलें. १८२५ मध्यें ब्राकोनो यानें फळांचा रस थिजविणाऱ्या द्रव्याला 'थिजणें' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पेक्टिन म्हटलें. आपल्या घरीं पेरूची जेली धरते ती याच्याच योगानें.

या सर्वांचें नातें काय, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाच्या संशोधनानें सुरू झाला. त्याला १९०२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तो उलगडा मी मण्यांच्या माळेवरून सांगतों. ग्लूकोज हा एक मणी समजा. फळांतील फ्रुक्टोज हा दुसऱ्या जातीचा मणी. हे दोन मणी एकत्र गांठले म्हणजे उंसाची साखर होते. ग्लूकोजच्याच मण्यांची लांब माळ ओवली कीं तांदूळ-बटाट्यांतील स्टार्च होतें. आणि गंमत अशी कीं, तेच मणी, तितकीच लांब माळ, परंतु गांठ मात्र उलट्या बाजूची मारली, कीं कापसाचा आणि लांकडाचा तंतु होतो, ज्याला सेल्युलोज म्हणतात. आपल्या शरीराजवळ पहिली गांठ कापणारी कात्री आहे, दुसरी कापणारी नाहीं. म्हणून भात खाऊन आपण जगतों, आणि कापूस खाऊन जगूं शकत नाहीं. इन्युलिन ही मुख्यतः फ्रुक्टोजच्या मण्यांची माळ. तिच्या गांठींनाही आपली कात्री चालत नाहीं. गवारीच्या बियांतील गोंद, इसबगोलाचा भुसा, पेक्टिन आणि झाडांचे डिंक या सर्वांचे मणी निरनिराळ्या जातींचे असले, तरी गांठींच्या बाबतींत त्यांची जात एकच. शास्त्रज्ञ या लांब माळांना बहुशर्करा म्हणतात. म्हणजे जीभ कांहींही सांगो, रसायनशास्त्राच्या दृष्टीनें त्याही साखरेच्याच कुळांतल्या.

कापतां न येणाऱ्या या बेचव माळांचें नशीब फार काळ उघडलें नाहीं. ज्याचें पोषणांत रूपांतर होत नाहीं तो चोथा, अशीच आहारशास्त्राची समजूत होती. 'आहारांतील तंतु' हा शब्दप्रयोग १९५३ सालीं हिप्सली यानें केला. त्यानंतर युगांडांत बरींच वर्षें शस्त्रवैद्य म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यानें, भरडधान्य आणि कंदमुळें खाणाऱ्या तेथील लोकांत युरोपांतील कित्येक रोग क्वचितच दिसतात, या निरीक्षणाकडे १९७० नंतरच्या दशकांत जगाचें लक्ष वेधलें. निरीक्षण म्हणजे सिद्धि नव्हे. परंतु त्यामुळें प्रयोगांना चालना मिळाली. १९७७ सालीं डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, जेवणांत गवारीचा गोंद आणि पेक्टिन मिसळलें असतां जेवणानंतर रक्तांतील साखर व इन्सुलिन यांची चढण कमी होते. त्याचें कारण सोपें आहे. हे गोंद पाण्यांत फुगून दाट होतात. त्या चिकट लगद्यांतून साखरेचे मणी आंतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोंचतात.

येथें गवारीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या शेंगांची आपण भाजी करतों त्यांच्या वाळलेल्या बियांतून हा गोंद निघतो. दुसऱ्या महायुद्धांत भूमध्य समुद्राकडील कॅरोब झाडाच्या बियांचा गोंद अमेरिकेस मिळेनासा झाला, तेव्हां त्याच्या जागीं गवारीची निवड झाली, आणि राजस्थानच्या कोरड्या शेतांतलें हें पीक जागतिक व्यापारांत शिरलें. इसबगोलाची कथाही अशीच आहे. त्याचें नांव फारशी, घोड्याचा कान अशा अर्थाचें, बीच्या आकारावरून पडलेलें. आणि पोट साफ होण्यासाठीं हकीम-वैद्य तें पिढ्यान्‌पिढ्या देत आले. १९९८ सालीं अमेरिकेच्या औषध-अन्न खात्यानें, दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य तंतु पोटांत जाईल इतका इसबगोलाचा भुसा, कमी स्निग्धांशाच्या आहाराबरोबर घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊं शकतो, असें वेष्टनावर छापण्यास अनुमति दिली. १९९७ मध्यें ओट धान्याला आणि २००६ मध्यें जवाला अशीच अनुमति मिळाली. या दोन धान्यांतील बीटा-ग्लूकन नांवाची चिकट माळ पित्तांतील आम्लें बांधून बाहेर नेते. मग नवीं आम्लें करण्यासाठीं यकृताला रक्तांतील कोलेस्टेरॉल खर्चावें लागतें. चरकानें प्रमेह्याला सांगितलेले ते हेच जव. चरकाला हें रसायन ठाऊक होतें असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु रोग्याच्या अन्नाचें निरीक्षण त्यानें डोळसपणें केलें होतें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां तुलनेचा सारांश सांगतों. गूळ, खांडसरी आणि पांढरी साखर यांत रंग व किंचित् क्षार यांचा फरक आहे. मुख्य द्रव्य तेंच, आणि मधुमेह्याच्या रक्तांत त्याचें वर्तनही जवळजवळ तेंच. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चची तोडलेली आंखूड माळ. ती फारशी गोड लागत नाहीं, तरी ग्लूकोजइतक्याच वेगानें रक्तांत उतरते. त्यामुळें ज्या डब्यावर 'साखर घातलेली नाहीं' असें लिहिलें असेल, तो माल्टोडेक्स्ट्रिननें भरलेला असूं शकतो. घायपाताच्या जातीचा पाक हें तर उत्तम उदाहरण आहे. मूळ झाडांत इन्युलिनसारखी न पचणारी माळ असते. ती उष्णतेनें किंवा पाचक द्रव्यानें तोडून तिचा फ्रुक्टोजप्रधान गोड पाक करतात. तो रक्तांतील साखर मंद गतीनें वाढवितो हें खरें. परंतु फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो, आणि त्याचा अतिरेक तेथें मेद सांचवितो. झाड तेंच, पण गांठ तुटतांच गुणधर्म पालटला. बेचव मंडळींतही भेद आहेत. इन्युलिन मोठ्या आंतड्यांतील उपकारक जंतूंचें खाद्य होतें. अशा खाद्याला १९९५ पासून 'प्रीबायोटिक' म्हणतात. मात्र तें एकदम अधिक घेतल्यास पोट फुगतें. इसबगोल त्या जंतूंना फारसा खातां येत नाहीं. तो पाणी धरून मल मऊ करतो. गवारीचा गोंद जेवणांत मिसळला तरच साखरेची चढण रोखतो. जेवणानंतर निराळा घेऊन तो लाभ मिळत नाहीं.

हीं द्रव्यें निरुपद्रवी आहेत असेंही समजूं नये. अमेरिकेत गवारीच्या गोंदाच्या गोळ्या वजन उतरविण्यासाठीं विकल्या जात. त्या अन्ननलिकेंतच फुगून कित्येकांचा घसा बंद झाला, तेव्हां १९९० च्या सुमारास तेथील सरकारनें त्या बाजारांतून काढल्या. इसबगोल भरपूर पाण्यावांचून केव्हांही घेऊं नये, तो याचसाठीं. आणि आपल्याकडील डिंकाच्या लाडवांविषयीं म्हणाल, तर धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक हा खरोखरच न पचणारा तंतु आहे. परंतु त्या लाडवाचें वजन डिंकाचें नसतें, गुळाचें, खारकांचें आणि तुपाचें असतें. बाळंतिणीला तो हवा असतो तो त्या शक्तीसाठीं. आजोबांनीं तंतूच्या नांवावर दोन लाडू खाऊं नयेत.

मग गोड साखर सर्वस्वीं त्याज्य आहे काय? या प्रश्नाचें उत्तर १९७१ सालानें दिलें आहे. बांगला देशाच्या मुक्तियुद्धांत निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्यें आले आणि बनगांव येथील छावणींत पटकीची साथ भडकली. शिरेंतून द्यावयाचें खारें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लूकोज पाण्यांत विरघळवून तें पाणी रोग्यांना पाजण्याची व्यवस्था केली. जेथें शेंकडा ३० पर्यंत रोगी दगावत होते, तेथें हें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें. ग्लूकोजचा मणी आंतड्याच्या भिंतींतून आंत जातांना मिठांतील सोडियम बरोबर नेतो, हा शोध रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० मध्यें मांडला होता; सोडियमच्या मागोमाग पाणी जातें आणि सुकलेला देह पुन्हां ओला होतो. डायस्कोरिडीजनें पाण्यांत विरघळवून पोटासाठीं सांगितलेली साखर जणूं नव्या ज्ञानानिशीं पुन्हां औषधशाळेंत परतली. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला अचानक साखर उतरून घाम फुटला तर त्याच्या खिशांतील साखरच त्याला वांचविते. तेथें जव किंवा इसबगोल कामाचा नाहीं.

म्हणून श्रोतेहो, 'वनस्पतिजन्य' या एका शब्दावर कोणतीही वस्तु घरांत आणूं नका. ऊंस वनस्पतीच, कापूस वनस्पतीच. विचारावयाचें तें इतकेंच: यांतील गांठ माझ्या शरीराला कापतां येते काय, आणि येत असेल तर किती लवकर? मी ती किती प्रमाणांत घेणार? आणि आज माझ्या देहाची गरज कोणती? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलेली मर्यादा लक्षांत ठेवण्यास सोपी आहे. गूळ, मध, पाक आणि फळांचे रस हे सर्व जमेस धरून, अशा मोकळ्या साखरेंतून मिळणारी शक्ति दिवसाच्या एकूण शक्तीच्या दशांशाहून कमी असावी. ती विसाव्या हिश्श्यावर, म्हणजे सुमारें २५ ग्रॅम किंवा सहा चमच्यांवर, आणतां आली तर अधिक बरें. अख्खें फळ त्या हिशेबांत धरलेलें नाहीं, कारण फळांत साखरेबरोबर ती सावकाश सोडणारा तंतुही निसर्गानें दिलेला आहे. सोललेलें, गाळलेलें, आटवलेलें तेवढें उत्तम, ही समजूत आपण शुभ्र शर्करेच्या मोहानें शेंकडों वर्षें बाळगली. रस गाळून चोथा टाकण्याआधीं आतां थोडा विचार करावा, एवढेंच या इतिहासाचें सांगणें आहे.